गेटच्या आतलं घर आणि साकवाकडे जाणारी पायवाट

पागोळी | ९ जून, सकाळी ७:४०

चार वर्षांपूर्वी कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही मुळशी तालुक्यात राहायला आलो. मी, नवरा आणि सासूबाई. गावाचं नाव लिहीत नाही. पौडच्या पुढे, जिथून पाऊस खरा सुरू होतो त्या बाजूला. बत्तीस बंगलो प्लॉटची वसाहत आहे. भोवती तारेचं कुंपण, पुढे मोठं गेट, वॉचमनची खोली. आमचा प्लॉट अकरा गुंठ्यांचा, म्हणजे बारा हजार चौरस फुटांच्या आसपास. घर त्यातल्या चौदाशेवर, बाकी मोकळं. बत्तीसपैकी एकोणीस घरं उभी राहिली आणि बाराही महिने राहणारी कुटुंबं सहा. उरलेले शनिवार-रविवारी येतात.

इथे राहायचं आम्हाला सुख आहे, हे आधीच सांगते. सकाळी खिडकी उघडली की समोर डोंगर असतो. सासूबाई पंचाऐंशीच्या आहेत. शहरात त्या दिवसभर एका खोलीत असायच्या, इथे परसात वाल-घेवडा लावतात. म्हणून खालचं वाचताना मी तक्रार करते आहे असं समजू नका. मला मत हवं आहे, आणि शक्य असेल तर कायद्याची माहिती.

वसाहतीच्या मागच्या कुंपणाला एक छोटं फाटक आहे. पलीकडे ओढा, ओढ्यावर साकव आणि टेकाडावर कातकऱ्यांची वाडी, पंधरा-सोळा उंबरे. वाडीतली माणसं साकव ओलांडून या फाटकातून आत येतात, आमच्या मधल्या रस्त्याने चालत पुढच्या गेटने बाहेर पडतात आणि डांबरी रस्त्याला लागतात. शाळेची पोरं, कामाला जाणारे गडी, बाजाराला निघालेल्या बायका, सगळे. प्लॉट पडायच्या आधी इथे भातखाचरं आणि वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन होती. तेव्हा हीच वाट बांधावरून जायची, असं गावातली जुनी माणसं सांगतात.

मे महिन्यात दोन बंद बंगल्यांच्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या. चोर कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. पण लगेच ठराव आला: मागचं फाटक कायमचं बंद करायचं, तिथे दगडी भिंत घालायची. रविवारी २३ तारखेला सभा आहे. भिंत झाली तर वाडीला पुढच्या पुलावरून फिरून यावं लागेल, सुमारे तीन किलोमीटर. पंधरा तारखेला शाळा उघडते आहे.

मला ही भिंत नको आहे. पण सभेत 'माणुसकी' एवढा एकच शब्द घेऊन उभी राहिले तर टिकणार नाही, हे मला कळतं. ज्यांची मोटार गेली त्यांचं नुकसान खरं आहे. काय बोलावं, कोणते कागद बघावेत?

निवांतघर | ९ जून, सकाळी १०:०५

कर्जतजवळ आमचा असाच प्लॉट आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराचं मागचं दार तोडलं. नेलं काय? गॅसची शेगडी, इन्व्हर्टरची बॅटरी, तांब्याची भांडी. किंमत फार नव्हती. पण बायको त्यानंतर एकटी तिथे राहिली नाही, आणि ते घर आम्ही खरं तर तिच्यासाठी बांधलं होतं. गेटेड म्हणून जास्तीचे पैसे मोजले आणि आत कोण येतं-जातं हे कुणालाच माहीत नाही, तर मग गेट कशाला?

मी वाडीवर आळ घेत नाही. पण वॉचमन एक, गेटं दोन, आणि घरं बहुतेक बंद. हे गणित कसं जुळवणार, ते सभेत सांगा. नाहीतर भिंतच होईल.

सह्यवारा | ९ जून, दुपारी १:३०

भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे कागदांपुरतं सांगतो.

पहिली गोष्ट, गाव नकाशा काढा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. तुमच्या लेआउटच्या गटांतून अशी रेषा जात असेल तर तो सार्वजनिक रस्ता आहे. वर प्लॉट पडले म्हणून तो पुसला जात नाही. मग सभेचं बहुमत कितीही असो.

रेषा नसेल तरी विषय संपत नाही. जमीन एन.ए. (बिगरशेती) होण्याआधीचे सातबारे काढा आणि 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. वहिवाटीचा उल्लेख पुष्कळदा तिथे सापडतो, आणि जुन्या फेरफारांतही. तोही नसेल तर १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहे. कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्काने वाट वापरली असेल तर ती वापरण्याचा हक्क तयार होतो. तो दिवाणी कोर्टात सिद्ध करावा लागतो, हे खरं.

आणि भिंत घातलीच तर? १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाडीतल्या कुणी तो लावला तर सोसायटीला तारखांना उभं राहावं लागेल. हे धमकी म्हणून सांगू नका. भिंतीच्या खर्चात हाही खर्च धरा, एवढंच सांगा.

मंजूर लेआउटचा नकाशाही बघा. मागचा तुकडा बहुधा लेआउटच्या मोकळ्या जागेत, म्हणजे ओपन स्पेसमध्ये येत असेल. तसं असेल तर तिथे बांधकाम करायचा निर्णय फक्त सभेने घेऊन चालत नाही.

नवंघरटं | ९ जून, दुपारी ४:५०

थोडं विषयाबाहेर, माफ करा. आम्ही अशाच एका ठिकाणी प्लॉट घ्यायच्या विचारात आहोत. मुळशी किंवा भोर. पागोळीताई, तुम्ही आज परत घ्यायला निघालात तर काय बघाल? जाहिरातीत सगळ्यांचंच क्लब हाऊस दिसतं.

पागोळी | ९ जून, रात्री ९:१५

सह्यवारा, मनापासून आभार. उद्याच पौडला जाते.

नवंघरटं, विषयाबाहेर मुळीच नाही. क्लब हाऊस आमच्याकडेही आहे, पावसाळ्यात त्याचं कुलूपसुद्धा गंजतं. मी आधी पाणी बघेन, तेही मे महिन्यात. ऑक्टोबरात प्लॉट दाखवतात तेव्हा ओढा वाहत असतो, विहीर काठोकाठ असते आणि माणूस भुलतो. आपला सगळा कातळ बेसाल्टचा. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात असतं. शेजारच्याने बोअर मारली की आपली उतरते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमची सामाईक विहीर एप्रिलअखेर तळ दाखवते, मेमध्ये टँकर येतो. आता प्रत्येक घराच्या पन्हाळीचं पाणी विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडायला सुरुवात केली आहे. यंदा टँकर उशिरा लागला.

मग कागद. एन.ए. आदेश आणि मंजूर लेआउट दोन्ही हातात घ्या, आणि आपला प्लॉट नंबर त्या नकाशावर स्वतः शोधा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची नोंदणी लागते, तीही तपासा. 'फार्म हाऊस प्लॉट' म्हणून शेतजमिनीचे पाच-पाच गुंठे विकतात, त्या वाटेला जाऊ नका. शेतकरी नसाल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. शिवाय तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला बंधन, हेही बघा. २०२३ मध्ये हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ठरवलं होतं. माझ्या मावसभावाचं नाव एका सातबाऱ्यावर इतर बावीस जणांसोबत सामाईक लागलं आहे. कुंपण त्याच्या तुकड्याला आहे, पण कागदावर तो तुकडा कुठेच नाही.

मुळशी तालुका पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. बांधकाम परवानगी तिथूनच घ्यायची, ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. आणि गाव पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह अधिसूचनेच्या मसुद्यातल्या यादीत आहे का, तेही बघून ठेवा.

घर बांधताना छपराला चांगला उतार द्या आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर बाहेर काढा. मी हे नाव उगाच घेतलेलं नाही. पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत आतून काळी पडली, कपाटातल्या लग्नाच्या शालूवर बुरशी आली. दुसऱ्या वर्षी त्या बाजूला पत्र्याची पडवी काढली, तेव्हा थांबलं. सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला येऊ देऊ नका. लाइट जाणार, पावसाळ्यात कधी दोन दिवससुद्धा. पण त्याची सवय होते.

आणि एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते: आजूबाजूला कोण राहतं, आणि ती माणसं कुठून जातात-येतात. आम्ही ते विचारलं नव्हतं. म्हणून आज हा धागा काढावा लागला.

बकुळफूल | १० जून, सकाळी ११:२०

मी मूळची रत्नागिरीकडची. आमच्या वाडीत पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, सगळ्यांच्या अंगणाला लागून जाते. लहानपणी आमच्या पडवीसमोरून दिवसाला पन्नास माणसं जायची, प्रत्येकजण एक वाक्य टाकून जायचा. आगराला गडगा (दगडी कुंपण) होता, गडग्याला बेडं (दांड्यांचं फाटक) होतं. पण बेडं गुरांसाठी. माणूस दांडा सरकवून यायचा आणि परत लावून जायचा.

घरफोडी आमच्या वाडीतही झाली, गेल्या दहा वर्षांत. पण ती आता मुंबईकरांच्या बंद घरांत होते, पाखाडीपासून लांब जी घरं आहेत तिथे. वर्दळीच्या वाटेवरच्या घराला सहसा कुणी हात लावत नाही. पागोळी, तुमच्या त्या दोन मोटारी कुठल्या बंगल्यांतून गेल्या? मधल्या रस्त्यावरच्या की कडेच्या? सभेआधी हे नक्की बघा.

थेम्सकाठ | १० जून, संध्याकाळी ६:४०

वीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथे खासगी शेतातून, कधी कुणाच्या परसातूनही पायवाटा जातात आणि त्यांवरून चालायचा हक्क कुणालाही असतो. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला या वाटांचे नकाशे करायला लावले. नकाशावर वाट आली की जमीन कितीही वेळा विकली जावो, वाट राहते. मालकाने काय करायचं, तर कुंपणाला फटीचं किंवा पायऱ्यांचं फाटक करून द्यायचं, ज्यातून माणूस जातो पण गुरं जात नाहीत. आमच्या घरामागेच अशी एक आहे. घर घेताना वकिलाने पहिल्या भेटीत ती दाखवून दिली, आणि आम्ही ती धरूनच घर घेतलं.

सह्यवारा यांनी सांगितलेली तुटक रेषा वाचून वाटलं, आपल्याकडेही नकाशा आहे की. तो घर घेताना कुणी उघडत नाही, एवढाच फरक.

आंबेमोहोर | १० जून, रात्री १०:३०

मी मुळशीतलाच. पुण्यात नोकरीला जातो-येतो, शेती भाऊ बघतो.

पागोळीताई, तुमचं मन चांगलं आहे हे लिहिण्यावरून कळतं. म्हणूनच स्पष्ट बोलतो, राग धरू नका. तुमच्या सभेत 'वाडीला वाट द्यायची की नाही' अशी चर्चा होणार. पण द्यायची कोणी? वाट आधीची आहे, तुमचे प्लॉट नंतरचे. जी वाट तुम्ही दिलीच नाही ती बंद करायला तुम्ही मतदान घेताय, हे गावात बसून ऐकायला कसं वाटतं, ते सांगतो.

आमच्या पणजोबांची खाचरं मुळशी धरणात गेली. १९२१ ला सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी जमीन गेलीच. वर सरकलो तिथे वरकस मिळालं, नाचणी-वरई पिकवली. आता ते वरकसही प्लॉटिंगला गेलं. विकलं आम्हीच, कुणी बंदूक लावली नव्हती. बहिणीचं लग्न होतं, घर बांधायचं होतं. पण विकली ती जमीन. वाट कधी विकली नाही, आणि ती एकट्याची नव्हतीच तर विकणार कोण? कातकऱ्यांच्या नावावर तर जमीनही नव्हती. त्यांच्याकडे होत्या त्या वाटा: ओढ्याकडची, रानाकडची, बाजाराकडची. आता एकेक कुंपणाआड चालली आहे.

मोटारीचं म्हणाल तर भंगारवाले टेम्पो घेऊन येतात. टेम्पो साकवावरून येत नाही. पुढच्या गेटनेच येतो.

निवांतघर | ११ जून, सकाळी ८:१०

आंबेमोहोर, तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली. कर्जतला आमच्या प्लॉटच्या कडेने एक वाट जायची, ती डेव्हलपरने बुजवली, असं वॉचमन एकदा म्हणाला होता. ती कुणाची, हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या खेपेला गेलो की विचारीन.

सुरक्षेचा प्रश्न मात्र सोडू नका. मोटारीवर लोखंडी पिंजरा आणि नटाला वेल्डिंग, एवढ्यानेसुद्धा आमच्याकडे पुढे चोरी झाली नाही. भिंतीपेक्षा कितीतरी स्वस्त.

पागोळी | १२ जून, रात्री ८:५५

आंबेमोहोर, राग कसला? तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. मी चार वर्षं 'आपण त्यांना जाऊ देतो' असंच म्हणत आले, घरात आणि शेजाऱ्यांशीही. आता म्हणणार नाही.

पौडला जाऊन आले. गाव नकाशावर तुटक एकेरी रेषा आहे. साकवाच्या जागेपासून निघून आमच्या तीन गटांतून जाते. मधल्या रस्त्याशी तंतोतंत जुळत नाही, एका ठिकाणी दोन प्लॉटच्या कोपऱ्यांवरून जाते. त्यातला एक कोपरा आमचा आहे, आमची मेंदीची ओळ आहे तिथे. मोजणीचा अर्ज आमच्या प्लॉटपुरता मी भरून आले.

बकुळफूल, दोन्ही मोटारी कडेच्या बंगल्यांतल्या, पुढच्या गेटच्या उजव्या अंगाला. फाटकापासून सर्वांत लांब.

अजून एक लिहिते, सभेत बोलायला मला जड जाईल म्हणून इथे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये लाकडं उचलताना नवऱ्याला फुरसं चावलं. मी ओढणी घेऊन पाय करकचून बांधायला निघाले होते. वाडीतल्या ज्या बाई त्या वेळी रस्त्याने जात होत्या, त्यांनी माझा हात धरला. बांधू नका, चालवू नका, पाय हलू देऊ नका, म्हणाल्या. त्यांच्या मुलाने ह्यांना उचलून गाडीत बसवलं आणि ग्रामीण रुग्णालयापर्यंत सोबत आला. तिथे सर्पविषावरची लस होती, वेळेत मिळाली. वाट बंद असती तर त्या वेळी तिथे कुणी नसतं. शुक्रवार होता, वसाहतीत आमच्याशिवाय एकच घर उघडं होतं. हे मी हक्काचं कारण म्हणून सांगत नाही. हक्क त्याआधीचा आहे, हे आता कळलं. पण मला ते लिहायचं होतं.

सह्यवारा | १३ जून, सकाळी ९:४०

उत्तम काम केलंत. सभेत नकाशाची प्रमाणित प्रत ठेवा, फोटो नको. आणि पर्यायही लेखी न्या. विरोध एकटा नेला तर सभेत हात वर होत नाहीत.

पागोळी | २४ जून, दुपारी ३:२०

सभा काल झाली. साडेतीन तास चालली. वाडीतल्या दोघांना आणि सरपंचबाईंना मी बोलवा म्हटलं होतं. अध्यक्षांनी आधी नाही म्हटलं, मग अर्ध्या वेळासाठी हो म्हटलं.

नकाशा ठेवला तेव्हा खोली गप्प झाली. एका गृहस्थांनी विचारलं की डेव्हलपरने आम्हाला हे का सांगितलं नाही. त्याचं उत्तर खोलीत कुणाकडे नव्हतं. वाडीतल्या आजोबांनी एवढंच सांगितलं की त्यांच्या लहानपणी साकव लाकडी ओंडक्यांचा होता आणि दर पावसाळ्यानंतर नवा घालावा लागायचा, तो वाडी आणि गाव मिळून घालायचे. चोरीबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नाही. मी मनात घाबरून होते, कुणी विचारेल म्हणून.

ठराव असा झाला: भिंत नाही. वाट आठ फुटांची, मधल्या रस्त्याच्या डाव्या कडेने, नकाशातल्या रेषेच्या शक्य तितकी जवळून. तिच्या आणि प्लॉटच्या मध्ये जिवंत कुंपण, साकवाजवळ एक सौरदिवा. फाटकाला कुलूप नाही. पुढच्या गेटवर आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांची नोंद, मोटारींना पिंजरे. सतरा बाजूने, नऊ विरुद्ध. नऊमध्ये ज्यांच्या मोटारी गेल्या ते दोघेही आहेत. त्यातल्या एका काकूंकडे आज सकाळी चहाला गेले होते. त्या अजून नाराज आहेत, पण कुंपणाची रोपं कुठून आणायची, हे त्यांनीच विचारलं.

माझी एक मागणी मागे पडली. वाटेची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर अधिकारां'त आम्हीच होऊन करून घ्यावी, असं मी म्हटलं होतं. प्लॉटची किंमत पडेल या भीतीने तो विषय पुढच्या सभेवर गेला. त्याचा पाठपुरावा सोडणार नाही. आज सतरा जण बाजूने आहेत, उद्या प्लॉट विकले जातील, नवे लोक येतील.

आता प्रश्न साधा आहे. दोनशे फूट लांबीचं जिवंत कुंपण, शेळ्या खाणार नाहीत असं. काय लावू?

आंबेमोहोर | २४ जून, रात्री ९:००

निरगुडी. शेळ्या तोंड लावत नाहीत, पाऊस सोसते, छाटली की दाट होते. रोपं विकत घेऊ नका. हातभर लांबीच्या काड्या आत्ता तोडून वीतभर खोल रोवा, ह्या पावसात जगतील. आमच्या बांधावर पुष्कळ आहे. रविवारी सकाळी या, भावाला सांगून ठेवतो. वाडीतल्या पोरांनाही सोबत घ्या, दोनशे फूट एकट्याने व्हायचं नाही.